घरात गाडी असताना

जूनची पंचवीस तारीख, मंगळवार, आणि मी सकाळी सहाला अंगणात बसून हळद चाळत होते. ही हळद भाजीसाठी नव्हती. आमच्या गाडीच्या रेडिएटरला खालून तीन ठिकाणी बारीक भोकं होती आणि पाण्यात हळद कालवून ओतली की ती बसून भोकं तात्पुरती बुजतात, असा आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, शोध होता. गाठी राहिल्या की पाणी अडतं, म्हणून हळद वस्त्रगाळ लागायची. आईच्या डब्यातली दोन मुठी हळद दर आठवड्याला त्या गाडीच्या पोटात जायची आणि मग शनिवारच्या आमटीला रंग नसायचा. गाडी तापली की पुढून वाफ यायची, तिला लग्नघरासारखा हळदीचा वास असायचा. लोक हसायचे. आबाही हसायचे. हळद चाळणाऱ्याला हसू येत नाही.

हे लिहायला कारण असं, की मागच्या महिन्यात मला एका गृहस्थांचा फोन आला. जुन्या गाड्या जपणाऱ्यांची त्यांची एक मंडळी आहे, वर्षातून एकदा गाड्यांना हार घालून मिरवणूक काढतात. ते म्हणाले, तुमच्या वडिलांकडे तसली गाडी रोजच्या वापरात होती असं ऐकलं, त्या सोनेरी दिवसांबद्दल चार शब्द लिहून द्या. मी म्हटलं देते. ते चार शब्द लिहायला बसले आणि राग इतका वर आला, की भाजी करपली. इतक्या वर्षांनी राग येतो म्हणजे तो कधी गेलाच नव्हता. तेव्हा सोनेरी दिवस त्यांना दुसऱ्या कुणीतरी लिहून द्यावेत.

आमचं गाव कराडहून इस्लामपूरला जाणाऱ्या रस्त्यापासून मैलभर आत. आबा फौजेत ड्रायव्हर होते, हवालदार म्हणून पेन्शनीवर आले. येताना ट्रंक आणि बिस्तरा आणतात तशी त्यांनी गाडी आणली. पाचगणीच्या एका शाळेतली मडम विलायतेला परत चालली होती, तिची ती गाडी. म्हणून गावात तिचं नाव मडमेची गाडी. काळी, लांब नाकाची, दोन्ही बाजूंना फळीसारख्या पायऱ्या, रबरी फुगा दाबून वाजवायचा भोंगा. आम्ही घेतली तेव्हाच ती आबांच्या वयाची असावी. पुढून लोखंडी हँडल घालून ती फिरवावी लागायची, आणि हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. तिचा आवाज मला अजून वेगवेगळा ऐकू येतो: आधी दम्याच्या माणसासारखी धाप, मग दोन फटाके, मग सगळं घर हादरवणारी धडधड. ती धडधड सुरू झाली की कोंबड्या गोठ्यात पळायच्या आणि आबांचा चेहरा उजळायचा. आमच्यातल्या कुणासाठी तो तसा उजळलेला मी पाहिलेला नाही.

घर त्या गाडीभोवती चालायचं. पेट्रोल महागलं तेव्हा आबांनी त्यात रॉकेल मिसळायला सुरुवात केली, आणि रॉकेल कुठलं, तर रेशनवर घराला मिळायचं तेच. मॅट्रिकच्या वर्षी माझा कंदील आठवड्यातून तीन दिवस कोरडा असायचा. मी आत्याच्या ओसरीवर जाऊन अभ्यास केला. त्या वर्षांत रेशनवर मिलो मिळायचा, तांबडी जाडी ज्वारी, तिच्या भाकरीला कडा फुटायच्या आणि घशाखाली उतरायला ताक लागायचं. ते आम्ही खाल्लं आणि तक्रार केली नाही. पण गाडीला चांगलं तेल लागतं, हलकं चालत नाही, असं आबा भाकरी मोडता मोडता सांगायचे. माझं काम पाण्याचं. दोन पत्र्याचे डबे भरून मागच्या सीटखाली ठेवायचे, गाडी थांबली की उतरायचं, फडक्यानं झाकण धरायचं, वाफ जाऊ द्यायची आणि पाणी ओतायचं. माझ्या उजव्या हातावर भाजल्याचा डाग आहे. तो या नोकरीतला.

पण या सगळ्यापेक्षा वाईट होता तो नियम. आमच्या घरातल्या माणसानं एस्टीत बसायचं नाही. त्याचं कारण एवढंच, की एकदा आई माहेरी एस्टीनं गेली आणि संध्याकाळी चावडीवर कुणीतरी आबांना म्हणालं, "काय हवालदार, गाडी देवाला सोडली व्हय?" एवढ्या एका वाक्यानं आमचे पाय बांधले. घरात गाडी असताना लोकांच्या मांडीला मांडी लावून जायचं म्हणजे गाडी चालत नाही असं कबूल करायचं, आणि ते आबांना जिवावर यायचं. गाडी खरंच चालत नसेल तेव्हा आम्ही जात नसू. मावसबहिणीचं लग्न तसं चुकलं, आजीचा दहावा तसा चुकला. आणि दुसरा नियम असा, की रस्त्यात कुणीही हात केला की गाडी थांबवायची. गाडीवाल्यानं हाताला न थांबणं म्हणजे माज. थांबली की ती पुन्हा चालू होईल याची खात्री नाही, हे आबांना माहीत होतं. तरी थांबायचे.

त्या मंगळवारी मला सांगलीला अकरा वाजता मुलाखत होती. नर्सिंगच्या शिक्षणासाठी. मॅट्रिकला मला चांगले मार्क पडले होते आणि ही एकच वाट अशी होती, जिथं शिकताना राहायला जागा, जेवण आणि थोडं विद्यावेतनही मिळायचं. ती गेली की पुढं काय हे ठरलेलं होतं: कार्तिकात स्थळं बघायला सुरुवात, माघात अक्षता. माझ्याबरोबर गावातून आणखी एकीला बोलावणं होतं, रत्नाला. ती बौद्धवाड्यातली, माझ्या वर्गातली, माझ्याहून चार मार्क जास्त मिळवणारी. तिचे वडील साखर कारखान्यात कामाला होते. ती आठच्या एस्टीनं जाणार होती. आदल्या दिवशी मी आईला म्हटलं, मी रत्नाबरोबर जाते. आईनं आबांपुढं विषय काढला.

"आवं, पोरीला एस्टीनं जाऊ द्या की. सोबत हाय."

"बौद्धवाड्यातली पोर एस्टीनं जाती. तुज्या पोरीला काय कमी हाय?" आबा म्हणाले. "सकाळी सातला निघायचं. नवाला सांगलीत. मोठ्या लोकांपुढं जायचं तर कसं जायचं हे कळाय नगो?"

आई गप्प बसली. आईचं गप्प बसणं हा आमच्या घरातला तिसरा नियम होता, आणि त्याचाही मला राग आहे.

सातला निघालो. आबांनी फौजेतला हिरवा कोट घातला होता, गाडी पुसून लखलखीत केली होती. आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. हँडल चौथ्या फेऱ्याला लागलं, म्हणजे शकुन चांगला. हमरस्त्याला लागतो न लागतो तोच एका म्हाताऱ्यानं हात केला. शेजारच्या गावचे नाना, आबांच्या ओळखीचे.

"कुटं चाललाय नाना?"

"कुटं न्हाई. गाडी दिसली म्हून हात क्येला. आष्ट्यापत्तूर येतो की तुमच्यासंगं."

"आष्ट्यात काय काम?"

"काम कसलं. बसून बघतो. लय झ्याक हाय गड्या गाडी."

"पोरीची मुलाखत हाय सांगलीला."

"मग घाई असंल."

"घाई कसली," आबा म्हणाले, "आपली गाडी हाय."

मी मागं बसून हे ऐकत होते. मांडीवर सर्टिफिकिटांची पिशवी. नानांना चढवायला थांबलो तिथंच गाडी बंद पडली होती, ती दहा मिनिटांनी सुरू झाली. पुढं गुळाची ढेप घेतलेली एक म्हातारी चढली. मग दोन कोंबड्या उलट्या धरलेला एक माणूस. प्रत्येकाला आबा गाडीची हकिकत पहिल्यापासून सांगायचे, मडम कशी रडली, किल्ली कशी हातात दिली. इस्लामपूरच्या पुढं दोन मैलांवर गाडीच्या नाकातून पिवळी वाफ आली आणि पंख्याचा पट्टा तुटला. नऊ वाजले होते. मंडळी खाली उतरून निंबाच्या सावलीला बसली. कुणालाच कुठं जायचं नव्हतं. नानांनी तंबाखू काढली आणि माझ्या दशम्या वाटून खाल्ल्या. आबा काथ्याच्या दोरीचा पट्टा वळायला बसले, अगदी निवांत, गुणगुणत. फौजेत शिकलेली विद्या दाखवायला चार माणसं समोर होती. त्यांच्यासारखं सुखी माणूस त्या क्षणी जिल्ह्यात नव्हतं.

तेवढ्यात मागून आठची एस्टी आली. ड्रायव्हरनं आम्हाला ओळखून वेग कमी केला आणि गाडी आमच्यापाशी उभी केली. महादू कंडक्टर दारातून वाकला.

"हवालदार, पोरीला द्या हिकडं. साडेधाला सांगलीत सोडतो."

रत्ना खिडकीतून ओरडली, "शाले, ये की गं. जागा धरलीया तुला."

मी उठले. पिशवी काखेत घेतली, पळत गेले, दांडी धरली आणि एक पाय पायरीवर ठेवला. मागून आबा म्हणाले, "शालन."

एवढंच. आवाज चढवला नाही. घरात मला शाले म्हणत. शालन म्हणजे परेडवरचा हुकूम. नाना, गुळाची म्हातारी, कोंबडीवाला, एस्टीतली पन्नास डोकी, सगळे बघत होते. मी पाय खाली घेतला. महादूनं एकदा माझ्याकडे, एकदा आबांकडे बघितलं आणि घंटी मारली. एस्टी गेली. तिची धूळ बसायच्या आत आबा पुन्हा दोरी वळायला लागले होते. "अर्ध्या तासात गाठतो तिला," नानांना म्हणाले.

आबांवर माझा राग आहे तसा त्या सतरा वर्षांच्या मुलीवरही आहे. तिला कुणी धरलं नव्हतं. हात दांडीवर होता, पाय पायरीवर होता, वर जागा धरलेली होती. नुसत्या नावाच्या हाकेनं ती खाली उतरली. पुढं वॉर्डात मी कैक बायका पाहिल्या, पोटात दुखत असताना नवऱ्याची गाडी येऊ दे म्हणून घरी थांबलेल्या, आणि मग उशिरा आणलेल्या. त्यांना मी रागावायचे. इतर नर्स म्हणायच्या, बाई किती कडक आहेत. मी त्यांना रागवत नव्हते, त्या पायरीवरून उतरलेल्या मुलीला रागवत होते.

दोरीचा पट्टा दोनदा निसटला. आष्ट्यात नाना उतरले आणि चहा घेतल्याशिवाय सोडेनात, आबांना नाही म्हणवेना. कृष्णेच्या पुलावर गाडी पुन्हा तापली, तेव्हा मी डबा घेऊन नदीवर उतरले आणि पाणी आणलं. दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा दीड वाजला होता. साडी गुडघ्यापर्यंत ओली, हाताला हळद आणि वंगण. मुलाखती संपल्या होत्या. बाहेर झाडाखाली रत्ना बसली होती. तिचं काम बाराला झालं होतं, परतीची एस्टी तिनं माझ्यासाठी सोडली होती.

"मी बाईंना सांगून ठिवलंय," ती म्हणाली. "एक पोरगी रस्त्यात अडाकलीया म्हून. जा आत."

मेट्रनबाई टेबलावरचे कागद आवरत होत्या. जाड भिंगाचा चष्मा, इस्त्रीची पांढरी साडी. त्यांनी माझ्याकडे पायापासून वर बघितलं.

"किती वाजता बोलावलं होतं?"

"अकरा."

"आता किती वाजले?"

"दीड."

"कशानं आलीस?"

मी तोंड उघडायच्या आत दारातून आबा पुढं आले. "आपली सोताची गाडी हाय बाई. भायेर हुबी हाय."

मेट्रनबाईंनी खिडकीतून बघितलं. गाडीखाली पिवळ्या पाण्याचं थारोळं साचलं होतं आणि दोन रिक्षावाले वाकून ते बघत होते. "स्वतःची गाडी असून अडीच तास उशीर," त्या म्हणाल्या. प्रश्न विचारला नव्हता, नोंद घ्यावी तसं म्हणाल्या. मग आबांना वगळून माझ्याशी बोलल्या. "एक मुलगी आलेलीच नाही. तिची जागा मी उद्या सकाळी नऊपर्यंत ठेवते. नऊला यादी साहेबांकडे जाते. नवाच्या आत तू या बाकावर असशील तर तुझी मुलाखत घेईन. पुढचं तुझ्या उत्तरांवर. एकटी येता येईल?"

"येते," मी म्हणाले.

"तिला घिऊन येतो की मी, गाडी हाय," आबा म्हणाले. बाईंनी चष्मा काढून पुसला.

परत निघालो तेव्हा रत्ना स्टँडच्या दिशेनं चालत होती. जाताना नाना, गूळ, कोंबड्या, सगळ्यांना जागा झाली होती. आता मागची सीट रिकामी होती. गाडी रत्नाच्या अगदी शेजारून गेली. आबांनी भोंगा वाजवला आणि ती बाजूला झाली. हात केलेल्या कुणासाठीही थांबणाऱ्या आमच्या गाडीनं तिला बस म्हटलं नाही. तिनंही हात केला नाही. तिला आमची गाडी आमच्यापेक्षा चांगली ओळखू येत असावी.

घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. अंगणात चार माणसं जमली होती आणि आबा बाजेवर बसून सांगत होते, "मुलाखती बंद झालत्या. सगळ्यांस्नी घालवून दिलं. पर बाईनं खिडकीतनं गाडी बघितली आनि म्हनली, तुमच्या पोरीची जागा राखून ठिवते." माणसं माना डोलवत होती. मी चुलीपाशी होते. माझ्या हातातलं उलथनं मी भिंतीवर फेकलं. आई दचकली. मी बाहेर आले आणि चार माणसांदेखत म्हणाले, "उद्या मी सहाच्या एस्टीनं जाणार."

आबा हसले. "का? उद्या पाचलाच निघू की."

"गाडीनं मी येणार न्हाई."

"मग गाडी कशाला ठिवलीया मी?"

"ते तुमी सांगा."

माणसं चपला शोधायला लागली. आबा बाजेवरून उठले, माझ्याकडे न बघता गाडीपाशी गेले आणि तिच्यावर तरट टाकायला लागले. पाऊस नव्हता, दंव नव्हतं, तरी रोज टाकायचे. आई आत मला हलक्या आवाजात म्हणाली, "त्येंचं एवडंच एक सुख हाय, शाले." मी म्हणाले, "माझं कोणतं हाय?" ती पीठ मळत राहिली.

मला माहीत आहे, हे वाचणारे कुणी म्हणतील की बिचारा गरीब फौजी माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, शेवटी एक स्वतःची झाली. हे मला कुणी सांगायला नको, मी ते त्यांच्या शेवटच्या दुखण्यात उशाशी बसून स्वतःला पुष्कळदा सांगितलं. त्यानं राग कमी होत नाही. ते गेल्यावर मी ती गाडी कुपवाडच्या भंगारवाल्याला दिली. धाकट्या भावानं डोळे पुसले. मी पुसले नाहीत. त्या दिवशी मला नाइट ड्यूटी होती, तिला मी वेळेवर गेले.

त्या मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाचला उठले, विहिरीवर आंघोळ केली, धुतलेली साडी नेसले. शिवणकामाचे साठलेले पैसे कमरेला लावले. गाडीवरचं तरट निघालेलं होतं आणि आबा हँडल फिरवत होते. मी अंगणातून बाहेर पडले तरी त्यांनी वर बघितलं नाही. मैलभर चालत हमरस्त्याला आले. थांब्यावर दहाबारा माणसं होती, दूध घेऊन निघालेले दोघं, कोर्टाची तारीख असलेला एकजण, आणि वळकटी घेतलेली रत्ना. तिची निवड कालच झाली होती आणि ती आजच हॉस्टेलला राहायला निघाली होती. आम्ही नुसत्या शेजारी उभ्या राहिलो.

एस्टी लांबून दिसली आणि त्याच वेळी मागच्या कच्च्या रस्त्यावरून धडधड ऐकू आली. त्या सकाळी गाडी चांगली लागली होती. सुरेख चालली होती, वाफ नाही, फटाके नाहीत. आबांनी ती थेट थांब्यासमोर आणून उभी केली, इंजिन चालू ठेवलं आणि आतून हात लांबवून माझ्या बाजूचं दार उघडलं. कोट घातलेला, दाढी केलेली.

"बस," म्हणाले.

मी हलले नाही. एस्टी येऊन मागं उभी राहिली, तिच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

"शालन. लोक बघत्यात."

"बघू द्या," मी म्हणाले. रत्नाची वळकटी एका बाजूनं उचलली, ती चढली, तिच्यामागून मी चढले. आत जागा नव्हती. दांडीला धरून उभी राहिले. महादू कंडक्टर तिकिटाची पेटी वाजवत माझ्यापर्यंत आला, खिडकीतून खाली बघितलं, मग माझ्याकडे.

"काय गं, गाडी बंद पडली व्हय आज?"

"न्हाई," मी म्हणाले, "गाडी चालू हाय." आणि पैसे पुढं केले. "एक सांगली."